‘लांगिलेआ नाइस’ म्हणजे नक्की काय? बास्क भाषेतल्या व्यक्तिमत्त्व प्रश्नावलीबद्दल

प्रश्न थोडक्यात असा आहे. स्पेनच्या बास्क प्रदेशातल्या बिल्बाओमध्ये मानसशास्त्राची मास्टर्स करणाऱ्या एका मराठी विद्यार्थिनीकडे १२० विधानांची व्यक्तिमत्त्व प्रश्नावली आहे. आयपिप या सर्वांना खुल्या असलेल्या विधानसंग्रहावरून जॉन्सन यांनी २०१४ मध्ये बेतलेली तीच ही. तिची स्पॅनिश आवृत्ती दोन बास्क मित्रांनी बास्कमध्ये आणली, तिसऱ्याने मूळ स्पॅनिश न बघता बास्क मजकूर परत स्पॅनिशमध्ये फिरवला (यालाच उलट भाषांतर म्हणतात), आणि दोन्ही स्पॅनिश मजकूर छान जुळले. मग दोनशेच्या आसपास लोकांनी, ज्याला जी भाषा हवी त्या भाषेत, ती भरून दिली. ही प्रश्नावली स्वभावाचे पाच मोठे गुण मोजते: बहिर्मुखता, सौजन्य, कर्तव्यदक्षता, खुलेपणा आणि भावनिक अस्थिरता. त्यांपैकी चार गुणांचा अल्फा, म्हणजे विधानं एकमेकांना किती धरून आहेत याचा आकडा, ०.८ च्या वर आला, सौजन्याचा मात्र बराच खाली. तिला विचारायचं आहे की एवढ्यावर ‘प्रश्नावली वैध आहे’ असं लिहिता येईल का. तिच्या मार्गदर्शकांनी मापनसाम्यही, म्हणजे दोन्ही भाषांतली प्रश्नावली तेच आणि तसंच मोजते याचा पुरावा, मागितलं आहे. जाता जाता दुसरं: बास्क बोलणाऱ्या प्रत्येक प्रौढाला स्पॅनिश येतंच, तर हा खटाटोप कशाला?

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्यात एक चूक दडली आहे. प्रत्येकाला स्पॅनिश येतं हे फक्त स्पेन-फ्रान्स सीमेच्या दक्षिणेला खरं. फ्रान्सच्या बाजूला, म्हणजे लापुर्दी, बेहे-नाफारोआ आणि सुबेरोआ या तीन प्रांतांत, बास्क माणसाची दुसरी भाषा फ्रेंच. २०२१ च्या समाजभाषिक पाहणीत तिथे १६ वर्षांवरचे २०.१ टक्के लोक बास्कभाषक होते. स्पेनमधल्या स्वायत्त बास्क प्रदेशात हाच आकडा ३६.२ टक्के, आणि १६ ते २४ या वयात जवळजवळ तीन चतुर्थांश. ही तरुण मंडळी बहुतेक ‘डी मॉडेल’च्या शाळांतून आली, म्हणजे सगळे विषय बास्कमधून आणि स्पॅनिश हा एक विषय. आपल्याला राग कसा येतो, आपण भिडस्त आहोत का, याबद्दलचे शब्द त्यांना बास्कमध्ये मिळाले. शिवाय द्वैभाषिक माणूस भाषा बदलली की व्यक्तिमत्त्वाच्या चाचणीत थोडं वेगळं उत्तर देतो, हे स्पॅनिश-इंग्रजी द्वैभाषिकांवरच्या २००६ च्या कामात दिसलं आहे. तेव्हा फक्त स्पॅनिश कागद पुढे करणं म्हणजेही एक बाजू निवडणंच झालं.

आता अल्फा. हा आकडा मिळाला की विद्यार्थी सुटकेचा श्वास टाकतात, मीही टाकायचे. पण हिशोब करून बघा. तुमच्या प्रश्नावलीत प्रत्येक मोठ्या गुणाला २४ विधानं आहेत. विधानाविधानांतला सरासरी सहसंबंध फक्त ०.१५ धरला तरी २४ विधानांचा अल्फा ०.८१ येतो. प्रत्येक मोठा गुण चार-चार विधानांच्या उपगुणांत विभागलेला आहे; तोच ०.१५ अशा एका उपगुणाला लावला तर ०.४१. म्हणजे तुमच्या ०.८ मधला मोठा वाटा नुसत्या लांबीचा आहे. विधानं एकमेकांना धरून आहेत एवढंच अल्फा सांगतो. ती कशाबद्दल धरून आहेत, आणि बास्कमध्ये व स्पॅनिशमध्ये त्याच गोष्टीबद्दल आहेत का, यावर तो गप्प असतो.

उलट भाषांतराचं दुखणं वेगळं आहे, आणि माझा खरा राग त्यावर आहे. मूळ इंग्रजी विधान ‘खूप मेहनत करतो’ अशा अर्थाचं. स्पॅनिशमध्ये कुणीतरी ते ‘सोय त्राबाहादोर’ केलं. तिथून बास्कमध्ये सहजच ‘लांगिलेआ नाइस’ झालं. परत फिरवलं तर ‘सोय त्राबाहादोर’, शब्दाला शब्द तंतोतंत. पण ‘लांगिले’ म्हणजे मेहनती आणि ‘लांगिले’ म्हणजे कामगारही. गंमत म्हणजे स्पॅनिश शब्दालाही हेच दोन अर्थ आहेत, त्यामुळे उलट भाषांतराच्या जाळ्यात हा मासा कधीच अडकत नाही. मला तो सापडला एका निवृत्त मच्छीमार आजोबांमुळे. सगळा जन्म बोटीवर राबलेला माणूस, आणि या विधानापुढे त्यांनी ‘अजिबात नाही’ला खूण केलेली. विचारलं तर म्हणाले, “अहो, मला पेन्शन लागून आठ वर्षं झाली.” हे कळायला आकडेमोड नव्हे, शेजारी बसून ‘हे वाचून तुमच्या मनात काय आलं?’ असं विचारणं लागतं. अशा दहा-पंधरा मुलाखती तुम्ही घेतल्याचं प्रश्नात कुठे दिसत नाही. माझ्या मते सगळ्यात मोठी फट तीच.

भाषेत आणखी कुठे पाय घसरतो ते सांगते. मराठी माणसाला बास्क वाक्यरचना तशी परकी वाटत नाही. क्रियापद शेवटाकडे, नामाला मागून प्रत्यय, आणि ‘काल आलेला माणूस’ ही रचना जशीच्या तशी. ‘मला आवडतं’ हेही तसंच: ‘गुस्तात्सेन साइत’, म्हणजे आवड माझ्याकडे येते, मी कर्ता नसते. पण या ओळखीमुळेच आपण बेसावध राहतो.

पहिला खड्डा ‘नाइस’ आणि ‘नागो’. दोन्हींचं मराठी ‘आहे’. ‘उर्दुरिया नाइस’ म्हणजे मी अस्वस्थ स्वभावाची आहे, ‘उर्दुरी नागो’ म्हणजे आत्ता मी अस्वस्थ आहे. आपल्याकडे ‘मी घाबरट आहे’ आणि ‘मी घाबरले आहे’ यांत जो फरक, तोच. व्यक्तिमत्त्व मोजायचं तर पहिलं रूप हवं, दुसऱ्याने तुम्ही परीक्षेच्या आदल्या रात्रीची मनःस्थिती मोजाल. स्पॅनिशमध्येही अशी जोडी असल्यामुळे दक्षिणेतले भाषांतरकार इथे सहसा चुकत नाहीत. उत्तरेकडे मात्र ‘नागो’चा वापर आखडता आहे, स्थितीसाठीही ‘नाइस’च ऐकू येतं, आणि दक्षिणेत काटेकोर बेतलेलं विधान तिथे सैल पडतं. जिथे वाक्य सवयीबद्दल असेल तिथे मी विशेषण टाळून सरळ क्रियापद वापरते: ‘एर्रास हासेर्रेत्सेन नाइस’, मी पटकन रागावते.

दुसरा खड्डा फार कमी लोकांच्या लक्षात येतो. बास्कमध्ये क्रियापदाच्या लगेच आधी जो शब्द बसतो त्यावर जोर येतो. ‘निक लाना एगितेन दुत’ म्हणजे मी काम करते. ‘लाना निक एगितेन दुत’ म्हणजे काम मीच करते, बाकीचे बसून असतात. आपला ‘च’ जे काम करतो ते तिथे जागा करते. स्पॅनिश वाक्याचा क्रम धरून बास्क लिहिलं की असे न मागितलेले ‘च’ आपोआप घुसतात, आणि कर्तव्यदक्षतेचं विधान कुरकुरीचं होतं. उलट भाषांतर करणारा ते परत साधं करून टाकतो, कारण स्पॅनिश लिहिताना त्याला तो जोर दाखवायची गरजच पडत नाही. तुमची १२० विधानं फक्त या एका गोष्टीसाठी कुणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्या. कान लगेच पकडतो.

काही ठिकाणी मात्र बास्क आपल्यापेक्षा सोपी. मराठीत ‘मी शांत असतो/असते’ अशी तिरकी रेघ मारावी लागते, स्पॅनिशमध्येही विशेषणाच्या शेवटी तीच कसरत. बास्कमध्ये व्याकरणात लिंगच नाही, त्यामुळे एकच विधान सगळ्यांना चालतं. अपवाद सलगीच्या ‘ही’ या संबोधनाचा. त्यात ऐकणारा पुरुष की बाई यावर बोलणाऱ्याच्या स्वतःबद्दलच्या वाक्याचं क्रियापदसुद्धा बदलतं: ‘नाइस’चं पुरुषाशी बोलताना ‘नाउक’, बाईशी ‘नाउन’. प्रश्नावलीत तो वापरायचाच नाही, सूचनांना ‘सु’, म्हणजे नेहमीचं ‘तुम्ही’, पुरेसा आहे.

मग शब्द. आपण ‘बोलका’ आणि ‘बडबड्या’ असे दोन शब्द ठेवतो, एक कौतुकाचा, एक वैतागाचा. बास्कमधला ‘बेरित्सु’ बडबड्याच्या बाजूला झुकतो. बहिर्मुखतेच्या विधानात तो टाकला की मोकळ्या स्वभावाची माणसंही ‘नाही’ म्हणतात. ‘सिन्त्सो’ म्हणजे प्रामाणिक, सचोटीचा. पण घरातून निघणाऱ्या पोराला आई ‘सिन्त्सो राहा’ म्हणते तेव्हा तिला मस्ती करू नको एवढंच सांगायचं असतं. किशोरवयीन मुलांना हे विधान दिलंत तर ते सचोटीबद्दल बोलत नाहीत, आज्ञाधारकपणाबद्दल बोलतात, आणि ते कबूल करायची त्यांची तयारी नसते. ‘लोत्सा’ म्हणजे लाज, संकोच, बुजरेपणा, सगळं एकात. सुबेरोआकडे त्याच शब्दाचा अर्थ भीती होतो. ‘यातोर’ तर मी कुठल्याच खणात बसवू शकलेले नाही: अस्सल, दिलदार, जिच्यासोबत वेळ छान जातो अशी व्यक्ती. सौजन्य, सचोटी आणि मनमिळाऊपणा एका शब्दात. भाषांतरकाराला तो मोहात पाडतो, कारण वाक्य लगेच जिवंत वाटतं. मोह टाळा.

उत्तरांच्या पर्यायांकडेही बघा. मूळ इंग्रजीत ‘अतिशय अचूक’पासून ‘अतिशय चुकीचं’पर्यंत पाच पायऱ्या आहेत. मराठीत कुणी स्वतःबद्दलचं वाक्य ‘अतिशय अचूक’ म्हणेल का? ‘मला तंतोतंत लागू पडतं’ म्हणेल. बास्कमध्येही ‘सेहात्सा’, म्हणजे काटेकोर, हा शब्द तिथे मोजपट्टीसारखा वाटतो. ‘आदोस’, म्हणजे सहमत, या शब्दावर बांधलेल्या पायऱ्या लोकांना सवयीच्या आहेत.

संस्कृतीबद्दल दोनच उदाहरणं देते, पण ती तुमच्याच प्रश्नावलीतली आहेत. एक विधान आहे की मेजवानीत मी वेगवेगळ्या पुष्कळ लोकांशी बोलते. बास्क प्रदेशात मैत्रीचा कणा म्हणजे क्वाद्रिया, शाळेच्या वयात जमलेला आणि म्हातारपणापर्यंत टिकणारा कंपू. संध्याकाळी एका बारमधून दुसऱ्या बारमध्ये घोट घोट घेत फिरायचं, पण सगळं त्या कंपूसोबत. तिथे सगळ्यात जास्त गडगडाटी हसणारा माणूस अनोळखी टेबलाकडे वळूनही बघत नाही. तो अंतर्मुख नव्हे, पण या विधानावर तसाच दिसेल.

दुसरं विधान उदारमतवादी उमेदवारांना मत देण्याबद्दलचं. ते खुलेपणाच्या उपगुणात येतं, आणि अमेरिकेत तिथे शोभतं. स्पेनमध्ये ‘लिबरल’ म्हटलं की आर्थिक उजवेपणा आठवतो. बास्क राजकारणात डावं-उजवं या अक्षाला राष्ट्रवादाचा दुसरा अक्ष छेदून जातो. शिवाय स्वतंत्र बास्क देशासाठी लढणाऱ्या एता या सशस्त्र संघटनेची हिंसा २०११ मध्ये थांबली आणि संघटना २०१८ मध्ये विसर्जित झाली. त्याआधीच्या काळात वाढलेल्या माणसाला मत कुणाला देता हे कागदावर विचारलं की तो मधली पायरी निवडतो आणि पुढच्या दहा विधानांतही जपून उत्तरं देतो. हे विधान मी काढून टाकेन. ‘मला भांडण आवडतं’ या धर्तीचं जे आहे, त्यात ‘बोरोका’ हा शब्द आला असेल तर तोही. भांडण हा त्याचा नुसता कोशातला अर्थ. त्या वर्षांतल्या रस्त्यावरच्या जाळपोळीला ‘काले बोरोका’ म्हणत, आणि ते कानांतून गेलेलं नाही.

आता तुमच्या सौजन्याच्या घसरलेल्या अल्फाबद्दल. संस्कृतीत शिरण्याआधी एक साधी गोष्ट तपासा: उलटी विधानं, म्हणजे ज्यांना ‘हो’ म्हटलं की गुण कमी ठरतो ती, उलटून मोजलीत का? या प्रश्नावलीत सौजन्याच्या २४ पैकी १७ विधानं उलटी आहेत. एखाद-दोन स्तंभ उलटायचे राहिले की अल्फा कोसळतो, आणि हे माझ्यासमोर इतक्या वेळा घडलं आहे की मी आता तेच पहिलं विचारते. ते नीट असेल तर नम्रतेच्या चार विधानांकडे वळा. स्वतःबद्दल चांगलं मत असणं हे तिथे उणेपण म्हणून मोजलं जातं. पण आत्मसन्मान हा शब्द शाळेपासून ऐकलेल्या आजच्या तरुणाला ते उणेपण वाटतच नाही, बिल्बाओत नाही आणि पुण्यातही नाही. तिसरा संशय नकाराचा. बास्कमध्ये ‘एस’ आला की सहायक क्रियापद उडी मारून पुढे जातं: ‘हासेर्रेत्सेन नाइस’चं ‘एस नाइस हासेर्रेत्सेन’. लांब वाक्यात हे वाचताना थकलेला माणूस नकार गाळतो. शक्य तिथे नकारार्थी वाक्याऐवजी विरुद्धार्थी क्रियापद शोधा.

हे सगळं माझ्या एकटीच्या अनुभवातून आलेलं नाही. बास्क देश विद्यापीठातल्या पाउला एलोसुआ यांनी लोपेस-हाउरेगी यांच्यासोबत २००७ मध्ये, स्पॅनिशमधून बास्कमध्ये आणलेल्या शाब्दिक तर्काच्या चाचणीवरून, विधान दोन भाषांत वेगळं का वागतं याची चार कारणं वेगळी केली: सांस्कृतिक संदर्भ, भाषांतरातल्या चुका, रूपरचना-वाक्यरचनेतला फरक आणि अर्थातला फरक. तुमच्या संशयित विधानांपुढे या चारपैकी एक कारण लिहायची सवय लावा. ज्याच्यापुढे काहीच लिहिता येत नाही त्याला नुसत्या आकड्यावरून हाकलू नका. आंतरराष्ट्रीय चाचणी आयोगाची मार्गदर्शक तत्त्वंही जवळ ठेवा, २०१७ च्या दुसऱ्या आवृत्तीत ती १८ आहेत.

आता तुमच्या नमुन्याकडे येते. इथे वाईट बातमी आहे. लोकांना भाषा निवडू दिलीत, म्हणून तुमचे दोन गट फक्त भाषेने वेगळे राहिले नाहीत. बास्क निवडणारे बहुधा वयाने लहान, डी मॉडेलचे, वेगळ्या गावांतले, कदाचित वेगळ्या राजकीय ओढीचे. बास्क गटाचा खुलेपणा जास्त आला तर तो माणसांचा की विधानांचा, हे या माहितीतून कधीच सुटणार नाही.

आणि इथेच बास्कचं भाग्य आहे, जे तुम्ही वापरलं नाही. पुस्तकं बजावतात की द्वैभाषिकांवर चाचणी जुळवू नका, कारण शेवटी ती एकभाषिकांना द्यायची असते. बास्कमध्ये एकभाषिक प्रौढ जवळजवळ उरलेच नाहीत. ज्यांच्यासाठी चाचणी आहे ते सगळे द्वैभाषिकच. तेव्हा दोन्ही भाषा सफाईने वाचणारे लोक घ्या, आणि कुणाला कोणती भाषा द्यायची हे चिठ्ठी टाकून ठरवा. मग दोन्ही गट स्वभावाने सारखे असं धरता येतं, आणि एखादं विधान एका गटात वर सरकलं तर दोष भाषांतराचा, किंवा भाषा बदलल्याच्या परिणामाचा. प्रत्येक गटात निदान तीनशे लोक असावेत असं मला वाटतं. चिठ्ठीआधी घरची भाषा, शाळेचं मॉडेल आणि प्रांत लिहून घ्या.

तुमच्या मार्गदर्शकांनी मागितलेलं मापनसाम्य या माहितीवर तपासायचं. त्याच्या तीन पायऱ्या: दोन्ही भाषांत विधानं त्याच गुणांभोवती गोळा होतात का, प्रत्येक विधान गुणाशी तितक्याच घट्टपणे बांधलेलं आहे का, आणि समान स्वभावाचा माणूस दोन्ही भाषांत सरासरी तीच पायरी निवडतो का. तिसरी पायरी बहुतेकांची मोडते. दुकानातला एक काटा सगळ्यांनाच शंभर ग्रॅम जास्त दाखवत असेल तर त्याच दुकानातली गिऱ्हाइकं एकमेकांशी ताडता येतात, शेजारच्या दुकानातल्यांशी नाही. तसंच, तिसरी पायरी मोडली तर बास्क उत्तराला स्पॅनिश मानकं लावायची नाहीत. सीएफआय, म्हणजे प्रतिमान माहितीशी किती जुळतं हे सांगणारा निर्देशांक, एका पायरीवरून पुढच्या पायरीवर ०.०१ पेक्षा जास्त घसरला तर थांबायचं, हा चेंग आणि रेन्सवोल्ड यांचा २००२ चा संकेत अजून चालतो. उत्तरं पाच पायऱ्यांची आहेत, म्हणून एकेका विधानाच्या विश्लेषणात ती क्रमवाचक धरा, म्हणजे पायऱ्यांना क्रम आहे पण त्यांतलं अंतर सारखं असेलच असं नाही. १२० विधानांचं एकच अवाढव्य प्रतिमान दोनशे लोकांवर चालवू नका, ते जुळणार नाही आणि तुम्ही उगाच खचाल. उपगुणांच्या बेरजांवर काम करा, आणि एकेका विधानासाठी ऑर्डिनल लॉजिस्टिक रिग्रेशन, म्हणजे अशा क्रमवाचक उत्तरांसाठीची संख्याशास्त्रीय पद्धत, वापरा.

एक गट मात्र या रचनेतून निसटतो: साठी-सत्तरीपुढची खेड्यातली माणसं. घरी, बाजारात, बोटीवर त्यांची भाषा बास्क. पण शाळा स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या काळात, स्पॅनिशमधून झाली. प्रमाण बास्क, म्हणजे बातुआ, १९६८ मध्ये आरान्त्साझूच्या बैठकीनंतर घडत गेली, आणि या मंडळींनी ती कधी शिकलीच नाही. बास्क बोलताना त्यांचा हात धरणारा कुणी नाही, पण छापील बास्क वाचताना ती अडखळतात. त्यांच्या हाती कागद देऊ नका, विधान वाचून दाखवा, आणि बिस्काइया किंवा गिपुस्कोआ या दक्षिणेतल्या प्रांतांच्या बोलीत कसं म्हणायचं ते आधी ठरवून ठेवा. मुलाखत घेणाऱ्याने तिथल्या तिथे सुचेल तसं बदललं तर प्रत्येक आजीला वेगळी प्रश्नावली मिळेल.

आत्ता हातात असलेली दोनशे उत्तरं टाकून देऊ नका. ती पायलट म्हणून लिहा, ‘वैध’ हा शब्द अहवालात कुठेही न वापरता. उलटी विधानं तपासा, मुलाखती घ्या, आणि बदललेल्या विधानांची यादी जुन्या-नव्या रूपांसह परिशिष्टात द्या. शीर्षकात ‘बास्क आवृत्ती’ऐवजी ‘दक्षिण बास्क प्रदेशातल्या प्रौढांसाठी’ असं लिहा. फ्रेंच बाजूचं कुणी ती उचललंच, तर निदान ‘नागो’ आणि ‘लोत्सा’ असलेली विधानं तिथे पुन्हा विचारून घ्यायची आहेत हे त्याला आधीच कळलेलं असेल.